तुमच्या कसबाचा खरा भाव तुम्हाला कधी कळला? (बडोदेकरांनो, लिहा)

दांडियाबाजारकर

परवा एक काका मोडीतला कागद घेऊन आले. गायकवाडी काळातला, घडीवर तुटलेला. मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करायचे मी पानाला तीनशे घेते, तसं सांगितलं. दीड पान होतं, साडेचारशे झाले. बडोद्यात घासाघीस केल्याशिवाय कुणी पैसे काढत नाही, पण यांनी मुकाट्याने दिले. तेव्हाच शंका यायला हवी होती.

कागद देवळाच्या इनामाचा, भाऊबंदकीत अडकलेला. घोडं अडलं होतं सालावर. 'समान अशर मयातैन व अलफ' हे शब्द कुणीतरी त्यांना गावाचं नाव म्हणून वाचून दाखवले होते! हे अरबी आकडे आहेत, एकक आधी: आठ, दहा, दोनशे, हजार. म्हणजे सुहूर सन (मराठी दप्तरांतली जुनी कालगणना) १२१८. त्यात ५९९ मिळवले की १८१७, आणि हे साल मृगाला सुरू होतं म्हणून १८१७-१८. काका खुर्चीतून उठलेच. "अहो ताई, दोन वर्षं झाली याच्यापायी!"

मी पानं मोजत होते, ते कोर्टाच्या तारखा मोजत होते. आता पानाचा भाव लिप्यंतरापुरताच ठेवलाय. काळ ठरवून टिपण देण्याचे पैसे वेगळे.

आमचे आजोबा कलाभवनात शिकलेले. १८९० साली सयाजीरावांनी ते काढलं, रंगाई, सुतारकाम, यंत्रकाम शिकवायला. आजोबांना हत्याराची किंमत पैशापर्यंत पाठ असायची, स्वतःच्या हाताची विचारली की हसायचे. तो गुण (की अवगुण?) घरात उतरलाय. तुमचं काय? मोघम उपदेश नको, काय घडलं ते लिहा.

आर्गनवाला

ताई, मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) वेल्डर. पहिली सात वर्षं रोजावर होतो. गेट बसवणाराही रोजावर, बॉयलरची ट्यूब जोडणाराही रोजावर, पन्नास-शंभराचा फरक.

बॉयलरच्या ट्यूबा इतक्या जवळ असतात की मागे पंजा जेमतेम जातो, डोकं जात नाही. मग मागच्या बाजूला आरसा अडकवायचा आणि त्यात बघून वेल्डिंग मारायचं. आरशात सगळं उलटं. फिलरची तार पुढे सरकवली तर ती आपल्याच अंगावर येतेय असं वाटतं. सुरुवातीला माझी टंगस्टनची टोकं (ज्यातून ठिणगी पेटते ती कांडी) दिवसाला दहा-बारा खराब व्हायची. उस्ताद रागवायचे नाहीत, नुसतं टोक ग्राइंडरवर घासून परत हातात द्यायचे. ड्यूटी सुटल्यावर भंगारातल्या दोन इंची पाइपांवर आठ महिने हात बसवला. मग ६जी ही पाइप वेल्डिंगची परीक्षा दिली. त्यात पाइप ४५ अंशांत पक्का बांधलेला असतो, फिरवता येत नाही. आपणच त्याच्याभोवती फिरायचं, कधी गुडघ्यावर, कधी मान वाकडी करून.

एवढं करूनही रोज तोच! कारण मी मागितलाच नव्हता.

एकदा चहाच्या लारीवर ठेकेदार दुसऱ्या कुणाशी बोलत होता. एक जॉइंट एक्स-रेत नापास झाला की तो कापा, घासा, परत मारा, परत एक्स-रे काढा. तोवर पाण्याच्या दाबाची चाचणी थांबलेली आणि क्रेन भाड्याने उभी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवसापासून खिशातल्या वहीत लिहायला लागलो: तारीख, जॉइंट नंबर, पास की रिपेअर. वर्षभरात २१४ जॉइंट, रिपेअर ३. वही त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, शेठ, आता रोज नको, जॉइंटवर बोलू. त्याने वही दोनदा चाळली, काही बोलला नाही. पुढच्या कामाला बोलावलं ते जॉइंटच्या भावाने.

मात्र यात चैन नाही. सहा महिने त्या पद्धतीचं वेल्डिंग केलं नाही तर एएसएमईच्या (बॉयलर-वेल्डिंगचे नियम ठरवणारी अमेरिकन संस्था) नियमाने पात्रता जाते. म्हणून काम कमी असलं की लहानसहान जॉइंटही घेतो, हात आणि कागद दोन्ही चालू राहायला.

सुईदोरा

सगळे भाव वाढल्याचंच लिहिणार असं दिसतंय. मी नवरात्रीच्या तोंडावर चणियाचोळीची शिलाई वाढवली आणि सहा गिऱ्हाइकं गेली. "बेन, आटला बधा?" (ताई, एवढे?) म्हणत समोरच्या दुकानात. बरोबरच होतं त्यांचं, चणियाचोळी शिवणारे गल्लोगल्ली आहेत.

भाव मिळाला शिवलेल्या नऊवारीत, आणि तोही फजितीतून. एका नवरीचा काष्टा ऐन विधीला पाटावर बसताना उसवला. मी मापं उभ्यानेच घेतली होती ना! तेव्हापासून मांडी घालून बसवते आणि कमरेपासून मागून, खालून टेप फिरवून माप घेते. अर्धा तास लागतो. मुली हसतात, आया हसत नाहीत. त्याच पैसे देतात.

जमाखर्च

थोडक्यात लिहिते, आज १८ तारीख आहे आणि २० ला ३बी (जीएसटीचं विवरणपत्र) भरायचंय.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा मी एका ऑफिसात 'टॅलीवाली', म्हणजे संगणकावर हिशेब लिहिणारी, होते. पुरवठादारांची बिलं पोर्टलशी ताडून बघायची सवय मी आपणहून लावली. २०२२ पासून तर बिल २बी मध्ये (पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत) दिसलं नाही की क्रेडिटच (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही, त्यामुळे हे काम एकदम जड झालं. वर्षभरात अडकलेलं किती क्रेडिट सोडवलं त्याचा तक्ता करून पगारवाढ मागितली. साहेब म्हणाले, "छान तक्ता आहे, मेल करून ठेवा." वाढ नाही.

आता मी स्वतःची कामं घेते. आज माझी जी चार गिऱ्हाइकं आहेत, त्यांना पहिल्या भेटीत तोच तक्ता, नावं-आकडे काढून, दाखवला होता. तक्त्यात खोट नव्हती, दाखवायची जागा चुकली होती.

सूरपेटी

मी बाजाच्या पेट्या (हार्मोनियम) दुरुस्त करतो, वय ७१. रीड (सूर काढणारी पितळी पट्टी) उतरली असेल तर टोकाशी घासायची, सूर चढतो. चढली असेल तर बुडाशी, सूर उतरतो. केसभर जास्त घासलं की रीड गेली. भाव मला ठाऊक आहे आणि मोठ्या कार्यक्रमवाल्यांकडून पुरेपूर घेतो. पण गल्लीतल्या भजनी मंडळाची पेटी आली की चहावर करतो. वेल्डरभाऊंनी वही ठेवली ते उत्तम. माझ्या वहीत चहाचंही पान आहे, ते मी फाडणार नाही.

दांडियाबाजारकर

काका, चहाचं पान माझ्याकडेही आहे. विद्यार्थ्यांचे कागद फुकट वाचते.

आर्गनवाला, एक विचारायचं राहिलं: त्या तीन रिपेअरांपुढे कारण लिहिलं होतंत का?

आर्गनवाला

हो. दोनदा पंख्याचा वारा लागून जॉइंट झाकणारा आर्गन गॅस उडाला. तिसऱ्यापुढे 'घाई' लिहिलंय. ठेकेदाराने त्याच ओळीवर बोट ठेवलं होतं.