मदत हवी आहे: बातमी पाहिल्यापासून लेक झोपत नाही

रानजाई
परवाच्या त्या बातमीनंतर लेक रात्री झोपायलाच तयार नाही. झोपली तर पायात बूट घालून झोपते. समजावून झालं, जवळ घेऊन झालं, रागावूनही झालं. "होणार नाही ना?" हा एकच प्रश्न. "नाही होणार" म्हटलं की पाच मिनिटं गप्प, मग परत तेच. दाराशी एक सॅक भरून ठेवलीय. मी ती आत नेली की ही पुन्हा दाराशी आणून ठेवते. पुढच्या आठवड्यात चाचणी आहे आणि पुस्तक उघडलेलं नाही. कृपया "हळूहळू होईल कमी" असं सांगू नका. आज रात्री काय करू ते सांगा.

शमी
कोणती बातमी? लेक किती वर्षांची आहे? आणि बूट कशासाठी? थंडी म्हणून की पळायला?

उंबरठा
वय काहीही असो, फोन काढून घ्या. आजच. टीव्हीवरच्या बातम्याही बंद. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतर एक अभ्यास झाला होता. त्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त दिसली. पडद्यावर तेच तेच पाहणं हा स्वतंत्र मार असतो. माझ्या मुलाचा फोन मी महिनाभर कपाटात ठेवला होता, त्याची झोप पूर्ववत झाली.

टिपूर
उंबरठा, तो अभ्यास मोठ्या माणसांचा होता. आणि फोन काढून घेतला तर बातमी वर्गातून येते, तीही मीठमसाला लावून. या वयातल्या मुलांना आपल्यापासून काही लपवतायत हे लगेच कळतं, आणि मग न सांगितलेलं आणखी मोठं वाटायला लागतं. बंदीला माझा विरोध आहे. सोबत बसून एकदा नीट बातमी वाचा, मग फोन बाजूला ठेवा.

उंबरठा
मुलांचाही अभ्यास आहे. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटीतल्या स्फोटानंतर तिथल्या शाळकरी मुलांना प्रश्न विचारले होते. ज्यांच्या ओळखीचं कुणी त्यात सापडलं नव्हतं, अशा मुलांमध्येही जास्त टीव्ही पाहण्याचा आणि जास्त लक्षणांचा संबंध दिसला. "सोबत बसून वाचा" हे म्हणायला सोपं आहे. मूल रात्री बारा वाजता पांघरुणात एकटं पाहतं, तेव्हा तुम्ही सोबत नसता.

नीलमोहर
रानजाई, आज रात्रीसाठी श्वास. चार मोजत घ्यायचा, सहा किंवा आठ मोजत सोडायचा. सोडणं लांब हवं, त्याने हृदयाची धडधड उतरते. तिच्यासोबत तुम्हीही करा, "कर म्हणजे बरं वाटेल" असं लांबून सांगू नका. भीती वर चढल्यावर शिकवायला जाऊ नका, संध्याकाळी सगळं शांत असताना शिकवा. माझ्या भाचीला परीक्षेच्या वेळी याचा फार उपयोग झाला.

रानजाई
मला वाटलं सगळ्यांना कळेल कोणती बातमी, सगळीकडे तीच तर चालू आहे. भूकंप. इथून हजारो किलोमीटर लांब झालाय, तरी ही घाबरलीय. तेरा वर्षांची आहे, आठवीत. इमारत बसते तो व्हिडिओ पाहिला तिने, मैत्रिणींच्या ग्रुपवर आला होता. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट वापरत नाही आता, सातही मजले चढते. टेबलावर पाण्याचा पेला ठेवून पाणी हलतंय का बघत बसते. श्वासाचं करून पाहते. फोनचं नंतर बोलते, आधी हे बूट काढायला लावायचे कसे?

खडक
भूकंप म्हणालात म्हणून लिहितो. जगात ७ किंवा त्याहून मोठे भूकंप वर्षाला साधारण पंधरा होतात, ८ च्या वरचा सरासरी एखादा. म्हणजे जग अचानक जास्त हलायला लागलेलं नाही, कॅमेरे वाढले आहेत. आणखी एक, ६ आणि ७ यांत "एकाचा फरक" नसतो, बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट असते. लेकीला पेला ठेवण्याऐवजी भूकंपलेखी कसं काम करतं ते दाखवा. पहिल्या लाटा वेगाने येतात आणि सौम्य असतात, जास्त हलवणाऱ्या मागून येतात. या मधल्या वेळावरच पूर्वसूचना देणाऱ्या यंत्रणा चालतात. मुलांना यंत्रणा कळली की भीतीची जागा कुतूहल घेतं.

गोधडी
यंत्रणा कशाला, प्राण्यांना आधी कळतं. चीनमध्ये हायचेंगला १९७५ मध्ये साप बिळातून बाहेर आले म्हणून लोकांना घराबाहेर काढलं आणि हजारो जीव वाचले. घरात एखादा पाळीव प्राणी ठेवा, मुलीला आधारही होईल.

खडक
गोधडी, हायचेंगला आधी छोट्या धक्क्यांची रांगच लागली होती, लोकांना बाहेर काढण्यामागे ते मोठं कारण होतं. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ ला, तांगशान मध्यरात्रीनंतर हादरलं, तेव्हा अधिकृत इशारा नव्हता. मृतांचा अधिकृत आकडा २ लाख ४२ हजारांवर आहे. मोठ्या भूकंपाची तारीख-वेळ आजवर कुठल्याही शास्त्रज्ञाने आधी सांगितलेली नाही. अमेरिकेत आयबेन ब्राउनिंग नावाच्या माणसाने ३ डिसेंबर १९९० च्या आसपासचं भाकीत केलं होतं, कित्येक शाळांनी सुट्ट्या दिल्या आणि काही झालं नाही. हे मुलीला जरूर सांगा, कारण "आज रात्री येणार" असे मेसेज तिच्या ग्रुपवरही येत असणार.

टिपूर
खडक, माहिती खरी आहे, पण तांगशानचा आकडा घाबरलेल्या मुलीच्या आईपुढे आत्ता कशासाठी?

परांची
मी इमारतींचं काम करतो. भीती घालवायची तर इमारत तपासून घ्या, बाकी सगळं नंतर. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगा सोडून द्या. खांबावर किंवा तुळईवर तिरपी भेग असेल, काँक्रीट सुटून आतली सळई गंजलेली दिसत असेल, तर संरचना अभियंता बोलवा. तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलाय का तेही बघा, अशा इमारतींत खालचा मजला नाजूक ठरू शकतो.

रानजाई
परांची, मी इमारतीबद्दल विचारलं नाहीये. हे तिने वाचलं तर उद्या खांब मोजत फिरेल. मला मुलीबद्दल सांगा.

शमी
रानजाई, मी शाळेत समुपदेशक आहे, म्हणून पुन्हा प्रश्नच विचारते. दिवसा ती कशी असते? शाळेत जाते का, जेवते का? रोज रात्री सारखीच भीती असते की काही रात्री जास्त? रात्री घरात कोण कोण असतं? आणि त्या सॅकमध्ये काय आहे? तुम्ही ती उचलून आत नेता, पण उघडून पाहिलीत का?

रानजाई
दिवसा बरी असते. शाळेत जाते, जेवते, हसतेसुद्धा. अंधार पडला की सुरू होतं. मी आणि तिचे बाबा दोघंही पाळीच्या नोकरीत आहोत, काही रात्री दोघांची ड्यूटी एकत्र येते. तेव्हा घरी ती आणि सासूबाई असतात. सासूबाई वॉकर घेऊन चालतात. पण ही व्यवस्था आधीपासूनची आहे, त्याचा भीतीशी संबंध नाही. सॅक उघडली नाही, बघते.

उंबरठा
थांबा. तेरा वर्षांची मुलगी आणि चालता न येणारी आजी रात्रभर एकट्या? मुळात हेच बदला. दोघांपैकी एकाने पाळी बदलून घ्यावी.

रानजाई
उंबरठा, पाळी बदलून मिळाली असती तर आनंदाने घेतली असती. सासूबाईंना नीट चालता येतं, जिने चढता-उतरता येत नाहीत एवढंच. शेजारी माणसं आहेत, आमचे फोन चालू असतात. सल्ला मागितलाय, चौकशी नको.

रानजाई
सॅक पाहिली. आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या, त्यांचा जुना चष्मा, कानातलं यंत्र ठेवायची डबी, त्यांची शाल, टॉर्च, पाण्याची बाटली. तिचा स्वतःचा फक्त एक टी-शर्ट आहे. मी सॅक होती तशी दाराशी ठेवली.

शमी
मग "होणार नाही ना?" हा प्रश्न निम्माच आहे. दुसरा निम्मा ती विचारत नाहीये: झालंच, तर आजीला सात मजले खाली मी कशी नेऊ? लिफ्ट वापरायची नसते हे तिला माहीत आहे, जिना आजींना जमत नाही हेही माहीत आहे. कुणी न सांगता तिने आजीला वाचवायचं काम अंगावर घेतलंय, आणि ते तेरा वर्षांच्या अंगाला पेलणारं नाही. तिचं गणित सुटत नाही म्हणून ती जागी आहे. "नाही होणार" याने ते सुटत नाही.

आज दिवसाउजेडी, सॅक पुढ्यात घेऊन बसा. "हे चांगलं भरलंयस, आजीसाठी आहे ना?" एवढंच म्हणा आणि तिला बोलू द्या. रडली तर रडू द्या. "काहीतरीच काय" म्हणू नका.

मग तिचं काम किती ते ठरवून द्या. मूळ सल्ला असा असतो की हादरे चालू असताना कुणी कुठे पळायचंच नाही. जोराचे हादरे बहुतेक वेळा दहा ते तीस सेकंद टिकतात, तेवढ्यात सातव्या मजल्यावरून कुणीच खाली पोचत नाही, धावपटूसुद्धा नाही. खाली बसायचं, भक्कम टेबलाखाली डोकं आणि मान झाकायची, टेबलाचा पाय धरून ठेवायचा. अंथरुणात असलो तर तिथेच पालथं झोपून उशीने डोकं-मान झाकायची. आजींसाठीही हेच: त्या पलंगावर असतील तर पलंगावरच, डोक्यावर उशी. म्हणजे आजीला उचलणं, उतरवणं हे तिचं काम नाही. थांबल्यावर मोठी माणसं येतील, आणि कोण येईल ते नावानिशी ठरवा. आजींनाही या बोलण्यात घ्या, त्यांच्याविषयी त्यांच्या पाठीमागे ठरवू नका.

बूट पायात नकोत, पण पलंगाशी हवेत. फुटलेल्या काचांसाठी बूट आणि टॉर्च उशाशी ठेवा असंच सांगितलं जातं. म्हणजे तिचं डोकं बरोबर चाललं होतं. तसं तिला सांगा.

परांची
एक भर घालतो. टेबलाखाली बसायचा सल्ला नीट बांधलेल्या इमारतींसाठी आहे. कच्च्या मातीच्या घरात, तळमजल्यावर आणि दार अगदी जवळ असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या सातव्या मजल्यासाठी शमी म्हणतात तेच योग्य.

गोधडी
टेबलाखाली नाही! टेबलाच्या शेजारी झोपायचं, छत पडलं तर बाजूला त्रिकोणी पोकळी राहते. सगळीकडे फिरतंय ते.

खडक
फिरतंय खरं, पण भूकंपाच्या तयारीवर काम करणाऱ्या संस्थांनी ते नाकारलंय. पोकळी नेमकी कुठे होईल हे आधी कुणाला कळत नाही, आणि हादऱ्यात अंगावर कपाटं, दिवे, काचा येतात, त्यापासून टेबल वाचवतं. दाराच्या चौकटीत उभं राहणंही जुनं झालं. रानजाई, घरातलं उंच कपाट भिंतीला पक्कं करून घ्या. ते लेकीसोबत करा, हाताला काम मिळेल.

रानजाई
बोलले. सॅकबद्दल विचारलं तर आधी "काही नाही" म्हणाली. मग एकदम, "आजीला पाठीवर घेऊन तीन मजले उतरता येतील, मी विचार केलाय, पुढे नाही जमणार." तिने जिन्यात दप्तरात पुस्तकं भरून उतरून पाहिलं होतं. लिफ्ट टाळत होती ती भीतीने एवढंच मी समजत होते.

सासूबाई म्हणाल्या, "मला कुणी उचलायचं नाही, मी उशी घेऊन पडून राहीन, आणि तू टेबलाखाली गेलीस की मला हाक मार." त्यावर हिने दहा प्रश्न विचारले. आवाज ऐकू नाही आला तर? यंत्र कानात नसेल तर? शेवटी ठरलं की यंत्र उशाशी, टॉर्च दोघींकडे. शेजारच्या काकांना विचारलं, हादरा थांबल्यावर ते येतील. वॉकरला चाकं आहेत पण ब्रेक नाहीत, त्याचं काय करायचं?

रात्री बूट पलंगाखाली ठेवून झोपली. पण "होणार नाही ना?" तरी विचारलंच, चार-पाच वेळा.

खडक
ब्रेक असले तर लावायचे, नसले तर वॉकर सोडून जमेल तितकं खाली बसायचं, नाहीतर जवळच्या खुर्चीवर किंवा पलंगावर बसून पुढे वाकायचं आणि हातांनी डोकं-मान झाकायची. जमत असेल तर ब्रेकवाला घ्या, एरवीही पडण्यापासून बचाव होईल.

शमी
प्रश्न लगेच थांबणार नाही. प्रत्येक वेळी "नाही होणार" म्हटलं की तिला क्षणभर सुटल्यासारखं होतं, आणि पुढच्या क्षणी तेच औषध पुन्हा लागतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी पालकांसोबत जे काम उभं केलं, त्याचा गाभा हाच आहे की भीतीची सोय करत राहणं पालकांनी कमी करायचं आणि मुलाच्या पेलण्यावर विश्वास दाखवायचा. तेव्हा तुमचं उत्तर खरं असू द्या: "कधी होईल कुणालाच सांगता येत नाही. तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय. काय करायचं ते आपल्याला माहीत आहे." एवढंच, दर वेळी याच शब्दांत. याची तिला आधी कल्पना द्या, नाहीतर आई तुटक वागतेय असं वाटेल.

शिवाय संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं काळजीची वेळ ठरवा, झोपायच्या बरीच आधी. मनात येईल ते तिने वहीत लिहायचं, तुम्ही वाचायचं. रात्री प्रश्न आला तर "उद्याच्या वहीत". ड्यूटी असेल त्या रात्री हे फोनवरून चालेल.

आणि फोनबद्दल उंबरठा यांचं निम्मं मला पटतं. बंदी नको, पण झोपायच्या खोलीत फोन नको, तुमचाही. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद करा. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, न झोपलेल्या मुलाला सगळंच जास्त भयंकर वाटतं.

दोन-तीन आठवड्यांत उतार दिसला नाही, शाळा टाळायला लागली, जेवण सुटलं किंवा छातीत धडधडून घाबरायचे झटके यायला लागले तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आणि जगून काय उपयोग असं काही बोलली तर दोन-तीन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी जा. वर्तन-विचार पद्धतीच्या उपचाराने अशी भीती चांगली आटोक्यात येते.

उंबरठा
खोलीबाहेर फोन मान्य. पण ग्रुपमधूनही काढा तिला.

टिपूर
ग्रुपमधून काढलं तर मैत्रिणी तुटतील. ग्रुपचा आवाज बंद करून ठेवा, व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. पुरे.

रानजाई
टिपूर म्हणतात तसं केलं, तिनेच सेटिंग बदललं. वही आणलीय. पहिल्या पानावर भूकंप नाहीच, "बाबा रात्री गाडी चालवत येतात" असं लिहिलंय. शमी, याला काय उत्तर देऊ?

शमी
आधी बाबांना ते पान वाचायला द्या. उत्तर त्यांनीच द्यायला हवं.