वन्यजीव छायाचित्रणाची सहल: एकट्यानं की सोबतीनं? आपापले अनुभव सांगा

ऑक्टोबरात व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्राचे दरवाजे उघडतात, हिवाळा लागला की उजनीच्या फुगवट्यावर पाहुणे पक्षी उतरतात, आणि कॅमेरेवाल्यांची फोनाफोनी सुरू होते: "यंदा कोण कोण येतंय?" माझं मत आधीच सांगते. सोबत हवी की नको, हे जंगल कुठलं आणि टिपायचं काय यावर ठरतं. पण त्याहून जास्त ठरतं ते थांबण्याच्या तयारीवर. एका खंड्यासाठी गाडी बंद करून पाऊण तास बसायचं की वाघाच्या मागावर पुढं निघायचं, एवढ्यावरून चांगल्या मित्रांच्या सहली विस्कटलेल्या मी पाहिल्या आहेत.

तुम्ही कसे जाता, का, काय टाळता, ते मोकळेपणानं लिहा. जागा, ऋतू, लेन्स सगळं येऊ द्या. फक्त घरटी आणि बिळं नेमकी कुठं आहेत ते लिहू नका.

नागपूरहून, शाळेत शिक्षिका

मी एकटी जाते, बहुतेक वेळा ताडोब्याला. "एकटी" म्हटलं की नातेवाईक घाबरतात, पण व्याघ्र प्रकल्पात खरं एकटं कुणी नसतंच. जिप्सीत चालक असतो, वनखात्याचा नोंदणीकृत गाईड असतो, गाडीतून उतरता येत नाही आणि ठरल्या वेळेला फाटकाबाहेर यावंच लागतं. ताडोब्यात आता महिला गाईडही आहेत. मोहर्लीच्या फाटकावर पहाटे एकटीनं उभं राहण्याची मला कधी भीती वाटली नाही.

अडचण आहे ती पैशाची. जिप्सीत सहा पर्यटक बसतात. एकटीनं पूर्ण गाडी घेतली तर सहा जणांचा खर्च एकटीवर येतो. अनोळखी लोकांबरोबर गाडी वाटून घेतली तर खर्च उतरतो, पण मग चितळाच्या कळपापाशी थांबा म्हणायची सोय राहत नाही, सगळ्यांना वाघच हवा असतो. म्हणून मी फेऱ्या कमी करते आणि गाडी पूर्ण घेते. निघण्याआधी गाईडला स्पष्ट सांगते, "दादा, वाघ दिसला तर आनंदच आहे, पण मला पाणवठ्यावर बसायचंय."

उन्हाळ्यात हे फार फळतं. एका एप्रिलच्या दुपारी आम्ही पाणवठ्याच्या अलीकडं गाडी बंद करून बसलो होतो. आधी वानरांचा कॉल (धोक्याची हाक) आला, मग चितळांचा. गाईडताई म्हणाल्या, "सांबर बोलू द्या, मग खरं." चितळ बऱ्याचदा उगाच दचकतं, सांबर सहसा उगाच बोलत नाही. थोड्या वेळानं सांबराचा तो खणखणीत आवाज आला आणि वाघीण बांबूतून उतरून थेट पाण्यात बसली, आधी मागचे पाय, मग धड. गाडीत आम्ही तिघंच होतो. कुणी "पुढं घ्या, पुढं घ्या" म्हणालं नाही, कुणी उभं राहिलं नाही. पाण्यातलं तिचं प्रतिबिंब न हलता मिळालं ते त्या शांततेमुळं.

सामानाचं एक सांगते. जिप्सीत ट्रायपॉड निरुपयोगी. बीनबॅग, म्हणजे कॅमेरा टेकवायची पिशवी, रिकामी न्यावी आणि गावातल्या किराणा दुकानात तांदूळ घेऊन भरावी. परतताना ते तांदूळ मुक्कामाच्या घरी देऊन टाकते. आणि धुळीत लेन्स बदलू नये.

पुण्याहून

मी फोटो काढत नाही. नवरा काढतो, मी दुर्बीण घेऊन बसते. तरी लिहिते आहे, कारण सोबतीची बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

आम्ही भिगवणला जातो, कुंभारगावाहून होडीनं. होडी चालवणारे तिथले मच्छीमारच, आणि पक्ष्यांची त्यांना असलेली जाण पाहून मी दर वेळी थक्क होते. ६०० मिलिमीटरच्या लेन्समागे डोळा लावलेल्या माणसाला समोरचा एक रोहित (फ्लेमिंगो) दिसतो, पण त्याच्या डावीकडं पट्टकादंबांचा थवा पाण्यावर उतरतोय हे दिसत नाही. ते मी सांगते. बदकं एकदम उठली की वर बघते, कुठंतरी शिकारी पक्षी आलेला असतो. "घड्याळाचे दहा, खाली", म्हणजे दहाच्या आकड्याच्या दिशेला, एवढंच बोलायचं, बोट दाखवायचं नाही, हात हलला की जवळचे पक्षी बुजतात. वर्षानुवर्षं एकत्र जाऊन जमलेली ही भाषा आहे. नवऱ्याचे चांगले फोटो आमच्या दोघांचे आहेत असं मी मानते आणि तोही तसंच म्हणतो.

एक मनापासूनची विनंती. कुरव पक्षी जवळ यावेत म्हणून होडीतून शेव-फरसाण उधळणारे गट दिसतात. पंख पसरलेला फोटो मिळतो, पण त्या पक्ष्याच्या पोटात काय जातं? तुमच्या होडीत कुणी पुडा फोडला तर हात धरा. सोबत त्यासाठीही असते.

सावंतवाडीहून

नागपूरच्या ताईंचं एकटं जाणं पटलं, पण आंबोलीला पावसाळ्यात, रात्री, एकट्यानं जाऊ नका. अनुभवी असाल तरी नको.

कारण सांगतो. इथलं छायाचित्रण म्हणजे मॅक्रो लेन्स, फ्लॅश, डिफ्यूझर आणि टॉर्च. झुडपात वाकून, डोळा कॅमेऱ्याला लावून तुम्ही बेडकाकडं बघत असता, आणि हातभर अंतरावरच्या फांदीवर मलबारी चापडा हा विषारी साप निवांत बसलेला असू शकतो. तो हिरवा असेल, तपकिरी असेल, पिवळसरही असेल, पानांत मिसळून जातो. आपल्याकडचं नेहमीचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं आहे, चापड्याच्या विषावर त्याची खात्री धरता येत नाही. त्यात धुकं, निसरडा सडा (कातळाचं पठार), आणि फोनला रेंज मिळेलच असं नाही. म्हणून आमचा नियम: एकजण फोटो काढेल, दुसरा फक्त आजूबाजूला प्रकाश टाकून बघत राहील. मग अदलाबदल. आणि बरोबर एक स्थानिक जाणकार असायलाच हवा.

पण गटही छोटाच हवा. पहिल्या पावसात सड्यावरच्या डबक्यांत आंबोली टोड (भेक) प्रजननाला येतात. ही जात २००९ साली शास्त्रीय नाव मिळालेली आणि जगात फार थोड्या जागी राहिलेली. तिथं दहा-पंधरा जणांचा घोळका बूट घालून फिरला तर पायाखाली काय चिरडलं जातं हे अंधारात कळतही नाही. चांगल्या फोटोसाठी चापड्याला काठीनं उचलून दुसऱ्या फांदीवर ठेवणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत. तसं होत असेल तर तिथून निघून यावं, पैसे गेले तरी चालतील.

ठाण्याहून

नोकरीमुळं मला लांब जमत नाही. रविवारी पहाटे खाडीकाठी एकटाच जातो. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघायचं, एवढीच तयारी. भरतीचं पाणी चढू लागलं की रोहित काठाकडं सरकतात. हे पाणी कुणासाठी थांबत नाही, म्हणून उशिरा उठणारा मित्र मी बरोबर घेत नाही.

बारामतीहून, निवृत्त

माझं रान म्हणजे माळ. सुप्याचं मयूरेश्वर, इंदापूरकडचं कडबनवाडी. चिंकारा, खोकड, तरस, नशीब असेल तर लांडगा. माळावर माणूस उभा दिसला की चिंकारा पळालंच, पण गाडी बंद करून आत बसलात तर काही वेळानं ते चरता चरता जवळ येतं. दोघं असले की बोलणं होतं, दार वाजतं. म्हणून मी एकटा बसतो.

सोबत मात्र मला आहे, धनगरांची. मेंढरांच्या मागं लांडगा असतो, त्यामुळं रात्री तो कुठून आला, कुठं गेला हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. दोन घटका बसून चहा घेतल्याशिवाय ते सांगणार नाहीत, आणि का सांगावं? ज्याचं कोकरू गेलंय त्याला आपण लांडग्याच्या फोटोचं कौतुक सांगत असतो. आधी त्याचं ऐकावं. फोटो टाकताना ठिकाण लिहू नये. पिल्लांच्या बिळाची खबर लागली की गाड्यांची रांग लागते आणि मादी पिल्लं उचलून दुसरीकडं नेते.

डेन्व्हरहून

इकडं येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात नियमच बोलका आहे: अस्वल आणि लांडग्यापासून किमान १०० यार्ड, बायसन आणि एल्क हरणापासून २५. पायवाटेनं जाणार असाल तर तिघं किंवा जास्त असावेत असं उद्यान सांगतं, आणि प्रत्येकाकडं अस्वलासाठीचा स्प्रे हवा. म्हणून मी एकटी असले की पायवाट धरत नाही, लमार खोऱ्यातल्या रस्त्याकडेला थांबते. १९९५ साली लांडगे परत आणले ते याच भागात. पहाटे तिथं दुर्बिणी लावून बसलेली माणसं असतात, त्यातले अनेक एकटेच आलेले. कुणीही न विचारता आपल्या दुर्बिणीतून बघू देतं. बारामतीच्या काकांचं वाचून वाटलं, इकडच्या गुराख्यांशीही बोलायला हवं. ती बाजू मी कधी ऐकलेली नाही.

नागपूरहून, पुन्हा

एका मुलीनं मला विचारलंय की पहिल्यांदा एकटीनं जायचं तर सुरुवात कुठून करू. बफरपासून, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलापासून कर. बफरमधल्या फेरीला खर्च कमी येतो, आणि पक्षी भरपूर. मंगळवारी ताडोबा बंद असतं, त्या हिशेबानं सुट्टी टाक. गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, तेव्हा फेरीची वेळ आणि फाटकाचं नाव आदल्या रात्रीच घरी कळवून ठेव. मुक्काम गावातल्या एखाद्या कुटुंबाकडं मिळाला तर उत्तम, पहाटे चारला चहा करून देतात.