बोअर तपासणीसाठी तयार पॅकेज घ्यावे की आमच्या कामापुरती व्यवस्था करून घ्यावी?

नमस्कार,

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचे मशिनिंगचे लहानसे युनिट आहे. जवळच्या फाउंड्रीतून येणाऱ्या ग्रे आयर्नच्या कास्टिंगवर काम करून बेअरिंग हाउसिंग तयार करून देणे हा आमचा मुख्य धंदा. चार सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मशिनिंग सेंटर) आणि दोन पाळ्यांत मिळून १४ माणसे, एवढाच पसारा आहे. एकूण ११ प्रकारचे जॉब चालतात. त्यांपैकी तीन रोजचे, बाकीचे तीनशे-चारशे नगांच्या लॉटने येतील तसे.

रोजच्या जॉबपैकी एकात ६२०२ बेअरिंग बसते. हाउसिंगचा बोअर, म्हणजे बेअरिंग बसते ते भोक, ३५ मिमी एच७ आहे, म्हणजे मापात चालणारा फरक खाली शून्य आणि वर २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). गेल्या चार महिन्यांत या जॉबवर ग्राहकाकडून दोनदा डेबिट नोट (सदोष मालाची रक्कम कापल्याची चिठ्ठी) आली. पहिल्या वेळी बोअर तीन-चार मायक्रॉनने लहान निघाला आणि हाताने सरकायला हवे ते बेअरिंग काही नगांत अडले. दुसऱ्या वेळी फेसवरचे ब्लो होल (ओतकामात वायूमुळे राहिलेले भोक) आमच्या तपासनिसाच्या नजरेतून सुटले. आजवर आम्ही दर दहा नगांमागे एक नग डायल बोअर गेजने तपासत होतो. आता ग्राहकाने शंभर टक्के तपासणीची आणि प्रत्येक नगाच्या नोंदीची अट घातली आहे.

ऑटोमेशन करणाऱ्या एका कंपनीने रोबो, कॅमेरा आणि संगणक असा तयार सेल सुचवला असून कोटेशन ४२ लाखांचे आहे. प्रात्यक्षिक देखणे होते, परंतु ते ॲल्युमिनियमच्या पुसून कोरड्या केलेल्या जॉबवर होते. आमचा जॉब चकमधून निघतो तेव्हा कूलंटने निथळत असतो, कडेला बारीक बर (कापताना उरलेली धातूची धार) असते आणि ग्राफाइटची काळी पूड बोटांना लागते. मी असा जॉब तसाच कॅमेऱ्याखाली ठेवायला लावला, तेव्हा कूलंटचे थेंब ब्लो होल म्हणून मोजले गेले आणि पाचांतले तीन चांगले नग लाल पेटीत गेले. त्यावर 'सेटिंग करून देऊ' एवढेच उत्तर मिळाले. बोअर नेमका कशाने मोजणार, हेही कोटेशनमध्ये लिहिलेले नाही.

आमच्यासारख्या युनिटने सुरुवात कुठून करावी, आणि आपली गरज कागदावर कशी मांडावी म्हणजे विकणारा त्याच्याकडचे तयार सामान आपल्या गळ्यात मारणार नाही, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

प्रतिसाद

आपले दोन्ही दोष वेगळ्या जातीचे आहेत. दोन्हींवर एकच पेटी विकत घेऊ नये.

आधी बोअरचे पाहू. बिडाचा, म्हणजे आपल्या ग्रे आयर्नचा, जॉब दर अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन प्रसरण पावतो. मशिनमधून निघालेला ३५ मिमीचा बोअर मास्टर रिंगपेक्षा (गेज जिच्यावर लावतात त्या प्रमाण मापाच्या पोलादी कडीपेक्षा) १० अंशांनी गरम असेल, तर तो जवळजवळ ४ मायक्रॉन मोठा दिसतो. ऑपरेटर ऑफसेट (मशिनमध्ये भरलेली हत्याराच्या मापाची दुरुस्ती) कमी करतो आणि थंड झाल्यावर तोच बोअर लहान भरतो. आपल्या तक्रारीतला आकडा याच्याशी जुळतो, म्हणून पैसे खर्च करण्याआधी हे तपासून पाहावे. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश असले, तरी लगेच वातानुकूलित खोली बांधण्याची गरज नाही. पोलादी रिंग आणि बिडाचा जॉब जवळपास सारखेच वाढतात, त्यामुळे दोन्ही एकाच तापमानाला असले की निम्मे काम झाले.

त्यानंतर एअर गेज (हवेच्या दाबावरून बोअर मोजणारे साधन) घ्यावा, हवेला चांगला फिल्टर लावावा (कंप्रेसरचे तेल नोझलमध्ये गेले की वाचन भरकटते) आणि १० नग, ३ ऑपरेटर, प्रत्येकी ३ वेळा अशी ९० वाचने घेऊन गेज आर अँड आर, म्हणजे गेज आणि माणसे यांच्यामुळे वाचनांत येणारा फरक, काढावा. तो १० टक्क्यांच्या आत हवा. ३० च्या वर गेल्यास त्या गेजच्या जिवावर स्वयंचलन करणे म्हणजे चूक वेगाने करणे होय. इन्सर्ट (हत्याराचे कापणारे पाते) झिजत जाईल तसा बोअर हळूहळू लहान होतो, म्हणून गेजकडून मशिनला आपोआप ऑफसेट देता येतो. मात्र प्रत्येक नगामागे तो हलवू नये, पाच नगांची सरासरी पाहून निम्माच फरक द्यावा. आपल्या लेथचा कंट्रोलर बाहेरून ऑफसेट स्वीकारतो का, हे आधी विचारून घ्यावे. जुन्या मशिनवर तो पर्याय बहुधा नसतो.

ब्लो होलसाठी कॅमेरा चालेल, पण आधी जॉब धुऊन हवेने वाळवावा लागेल आणि उजेड अगदी तिरपा हवा. पृष्ठभागाखालची पोकळी कॅमेऱ्याला दिसणार नाही. कोणते भोक चालेल आणि कोणते नाही, याचे नमुने ग्राहकाच्या सहीने ठरवून घ्यावेत. ऑर्डरमध्ये असे लिहावे की चाचणी आमच्याच जागेवर आणि आमच्याच नगांवर होईल. त्यांत २०० चांगले आणि ५० सदोष नग असतील, सीमेवरचेही मिसळलेले असतील. सदोष एकही सुटता कामा नये, चांगल्यांपैकी किती नाकारलेले चालतील तो आकडा आधी ठरेल, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच दिला जाईल. रोबोचा विचार सर्वांत शेवटी करावा. ११ जॉबसाठी ग्रिपर (रोबोचा पंजा) आणि फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारी बैठक) बदलण्यातच लहान लॉटची पाळी संपेल.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. काल दुसऱ्या पाळीत तीन नग मशिनमधून काढल्याबरोबर मोजले आणि मास्टर रिंगशेजारी ४० मिनिटे ठेवून पुन्हा मोजले. वाचन अनुक्रमे ३, ४ आणि ४ मायक्रॉनने उतरले. आमच्या सेटरने हे पाहून डोक्यावरची टोपीच काढून ठेवली.

आता पुढचा पेच असा की सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) ९५ सेकंद आहे. ४० मिनिटे थांबायचे, तर मशिनला ऑफसेट मिळेपर्यंत आणखी पंचवीसेक नग निघून गेलेले असतील. न थांबता मोजायचे, तर वाचन फसवे. नग खोलीच्या तापमानाच्या टाकीत धुऊन लवकर थंड करावेत, की जॉबचे तापमान मोजून दुरुस्ती करणारा गेज मागवावा? धुण्याची टाकी कॅमेऱ्यासाठी तशीही लागणारच आहे, म्हणून माझा कल तिच्याकडे आहे. परंतु दिवसभर गरम जॉब पडून त्या टाकीचेच पाणी तापेल, ते कसे आवरावे हे कोणी प्रत्यक्ष केले असल्यास कृपया सांगावे.