ख्रिसमस बेट: खेकड्यांपलीकडचं थोडं

हिंदी महासागरातलं हे बेट लाल खेकड्यांच्या स्थलांतरासाठी ओळखलं जातं, त्यात ही भर. या बेटावर मूळ रहिवासी नव्हतेच. फॉस्फेटच्या खाणींसाठी चिनी, मलय मजूर आणले, आजची वस्ती बरीचशी त्यांच्याच वंशजांची. मार्च १९४२मध्ये, बेट ब्रिटिशांकडे असताना, त्यांच्या तोफखान्यातल्या हिंदी शिपायांनी बंड करून ब्रिटिश अधिकाऱ्यांना ठार केलं आणि जपानी सैन्य बिनविरोध उतरलं. आपल्याकडे हे कुणाच्या गावीही नाही! १९५८मध्ये बेट ऑस्ट्रेलियाकडे गेलं.

खेकड्यांचा खरा वैरी मोटारी नव्हेत, तर बाहेरून आलेली पिवळी मुंगी. ती फॉर्मिक आम्ल फवारते, खेकडा आंधळा होऊन शेवटी मरतो. २०१६च्या अखेरीस मलेशियातून एक इवलीशी गांधीलमाशी आणून सोडली. ती मुंग्यांना नाही, त्यांना गोड रस पुरवणाऱ्या किड्यांना मारते.