मदत हवी आहे: फाटलेल्या पॉलिएस्टरच्या तिरंग्यांचं काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याचे. १५ ऑगस्टला आमच्या वाड्यावर घराघरावर तिरंगे लागले. पावसावाऱ्यात त्यांची पार दशा झालीय. शिवण उसवलीय, हिरव्या पट्टीचे धागे लोंबताहेत, केशरी रंग उडालाय. जुलै २०२२ पासून घरावर रात्रंदिवस ध्वज ठेवता येतो, पण फाटलेला ध्वज लावायचा नाही हे ध्वजसंहितेत स्पष्ट आहे. म्हणून घरोघरी जाऊन मी ते उतरवून घेतोय.

अडचण पुढेच आहे. खराब झालेला ध्वज एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून पूर्णपणे नष्ट करावा, असं संहिता सांगते. खादीचा असता तर प्रश्नच नव्हता. हे सगळे पॉलिएस्टरचे (डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीपासून ते चालतात). पॉलिएस्टर पेटलं की वितळून गोळे होतात, काळा धूर निघतो. ध्वजाचं असं झालेलं मला बघवणार नाही. कचऱ्याच्या गाडीत तर मुळीच देणार नाही.

गोव्यात कुठली पंचायत, पालिका किंवा माजी सैनिकांची संघटना असे ध्वज गोळा करते का? पुरले तर चालतील का? तुमच्या गावात काय करतात? १९ डिसेंबरला मुक्तिदिनी नवे ध्वज लावायचेत, त्याआधी हे मार्गी लावायचंय.