चर्चा: प्रायश्चित्तकाळाची (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) जुनी उपासना मुलांच्या हाती द्यायची, की तिचा अर्थ सांगितला तरी पुरे?

आगाशीकडचा

गेल्या शुक्रवारी आमच्या चर्चमध्ये क्रुसाची वाट बावीस मिनिटांत उरकली. येशूच्या दुःखसहनाची चौदा स्थानं, बावीस मिनिटं. चित्रं पडद्यावर, गाणी स्पीकरवर आणि माणसं बाकांवर बसलेली. गुडघे टेकले ते फक्त बाराव्या, येशूच्या मरणाच्या स्थानाला. बाहेर पडताना तेरा वर्षांच्या भाच्याने विचारलं, "मामा, झालं पण?" त्याच्या आवाजात सुटका नव्हती. काहीतरी व्हायचं होतं आणि ते झालंच नाही, असं त्याला वाटलं होतं. तेव्हापासून मला चैन नाही.

माझ्या आजोबांची एक वही माझ्याकडे आहे. आजोबा मराठी चौथी शिकलेले, जन्मभर वाडीत राबले. वहीत 'स्ताबात मातेर' हे लॅटिन गीत त्यांनी देवनागरीत उतरवून घेतलंय. जिथे सूर लांबवायचा तिथे अक्षराखाली रेघ, जिथे श्वास घ्यायचा तिथे टिंब. एका स्थानावरून दुसऱ्या स्थानाकडे जाताना एकेक कडवं म्हणायचे, चालत, पाठ. प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी सकाळी ते तंबाखूची चंची खुंटीला टांगायचे. लपवून ठेवायचे नाहीत, ओटीवरच टांगायचे, येता-जाता दिसेल अशी. ईस्टरच्या सकाळपर्यंत चंची तिथेच. आम्हा नातवंडांना त्यागावर कुणी प्रवचन दिलं नाही. आम्ही ती चंची बघत होतो.

म्हणून माझं म्हणणं असं: उपवास आणि उपासना या अंगाने शिकायच्या गोष्टी आहेत. गुडघ्याला फरशी टोचली पाहिजे, पोट रिकामं राहिलं पाहिजे, गीत कानावरून ओठावर आलं पाहिजे. अर्थ मागाहून येतो, कधी वीस वर्षांनी येतो. आपण मात्र नुसता अर्थ सांगत बसलोय.

मी १९६२ चं लॅटिन मिस्सापुस्तक (मिस्सा म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना) परत आणा म्हणत नाही. पोप फ्रान्सिस यांच्या २०२१ च्या आदेशानंतर त्याला बिशपांची परवानगी लागते, ते मला माहीत आहे. मला आजच्याच उपासनेत हवंय: प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या रविवारपासून मूर्ती जांभळ्या कापडाने झाकाव्या, ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी गौरवगीतानंतर घंटा गप्प होऊन लाकडी फळीचा ठोका वाजावा, साक्रामेंत (पवित्र भाकर) दुसऱ्या वेदीपाशी नेल्यावर 'तांतुम एर्गो' हे गीत लॅटिनमध्ये व्हावं. यातलं काहीच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने बंद केलेलं नाही. उलट उपासनेवरच्या १९६३ च्या दस्तऐवजात लॅटिन जपावी आणि ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान द्यावं असं स्पष्ट लिहिलंय. दहा मुलं द्या, मी शिकवतो. वहीतल्या चाली येणारी दोनच म्हातारी माणसं आता उरली आहेत.

बावखळ

वहीबद्दल वाचून डोळे भरून आले, हे आधी सांगतो. पण मुद्दा पटत नाही.

माझी आजीही त्याच काळातली. लॅटिन मिस्सा चालू असताना ती रोझरीची माळ ओढत बसायची. का? वेदीवर काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. घंटा वाजली की मान वर, पुन्हा माळ. मिस्सा मराठीत आली तेव्हा पहिल्यांदा तिने येशूचे शब्द फादरांच्या तोंडून स्वतःच्या भाषेत ऐकले. ती घरी येऊन रडली होती, असं माझी आई सांगते. हे आपण विसरायचं?

परंपरेचंच म्हणाल तर इथली परंपरा नुसत्या लॅटिनवर उभी नाही. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून आले आणि १६१६ मध्ये त्यांनी ख्रिस्तपुराण छापलं. जवळपास अकरा हजार ओव्या, आणि त्या मराठीत. चारशे वर्षांपूर्वीच्या जेझुइटाला जे कळलं ते आपल्याला कळू नये? मुलांना पाठच करून द्यायचं तर दुःखसहनाच्या ओव्या द्या. त्या त्यांना आजही निम्म्याअधिक कळतील.

आणि जुनं म्हणजे नक्की कधीचं? १९५५ च्या आधी ईस्टरचं जागरण शनिवारी सकाळीच व्हायचं. पोप बारावे पायस यांनी ते रात्रीवर नेलं. तुमच्या-माझ्या आजीने 'आलेलुया' शनिवारी सकाळच्या उन्हात ऐकलंय. आज आपण अंधारात मेणबत्त्या घेऊन उभे राहतो तीच परंपरा वाटते, पण ती सत्तर वर्षांची आहे.

आगाशीकडचा

ओव्यांचं मान्य, शंभर टक्के. त्याही घेऊ. पण भाऊ, 'कळत नव्हतं' हे मला पुरतं पटत नाही. आजोबांना 'स्ताबात मातेर'चा शब्दार्थ सांगता आला नसता. पण क्रुसाखाली आई उभी आहे आणि आपण तिच्या शेजारी उभे आहोत, एवढं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. १९५५ चं म्हणाल तर तिथे वेळ बदलली, ओझं हलकं झालं नाही. आपण ओझंच उतरवत चाललोय.

कोळीवाडा

तुम्ही वाडीवाले सूर आणि भाषेवर बोलताय. मी ताटावर बोलतो.

नियम काय आहे? कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे चौदा पूर्ण झालेल्यांनी शुक्रवारी मांस वर्ज्य करायचं. उपवास राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे), अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. वर्षात दोन दिवस. आणि मासळी मांसात धरत नाहीत.

आता सांगा, आमच्या किनाऱ्यावर हा त्याग कसा? शुक्रवारी मटण नाही म्हणून घरोघरी पापलेट तळतात. पापलेटाचा भाव कोंबडीच्या कितीतरी वर. हा नियम जिथे मासळी गरिबाचं खाणं होती तिथे बसला. आमच्याकडे मासळी म्हणजे जीव. माझ्या आईने हे ओळखलं होतं. चाळीस दिवस शुक्रवारी तिच्या चुलीवर मासळी चढत नसे. ताजी मासळी समोर टोपलीत असायची, ती बाजारात विकून यायची आणि घरी पेज नि लोणचं. नियमात बसत होतं म्हणून नव्हे. स्वतःला काय जड जातं ते तिला माहीत होतं म्हणून.

तेव्हा मी दोघांशीही भांडतो. जुनी चाल गायल्याने त्याग येत नाही आणि अर्थ कळल्यानेही येत नाही.

बावखळ

कोळीवाडा, अगदी हेच म्हणायचं होतं. यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचा: देवाला हवा तो उपवास म्हणजे भुकेल्याला अन्न देणं, जू मोडणं. मूर्ती झाकायला दहा मीटर जांभळं कापड आणण्यापेक्षा आपल्याच वाड्यांमध्ये भाड्याने राहणाऱ्या मजुरांची पोरं बघा. जूनमध्ये शाळा सुरू होईल, दप्तरं नाहीत.

आगाशीकडचा

दप्तरंही द्या ना! कापड आणि दप्तर यांचं भांडण कुणी लावलं? ज्या पिढीने मूर्ती झाकल्या त्याच पिढीने दुष्काळात आपल्या विहिरी उघड्या ठेवल्या. मला राग येतो तो याच गोष्टीचा. उपासनेचं काही मागितलं की लगेच गरिबांचं नाव पुढे येतं, आणि शेवटी उपासनाही होत नाही नि गरिबांचंही होत नाही.

एक आई, माणिकपूर

तुमची लॅटिन-मराठीची लढाई वाचून मला वाटतं, तुम्ही दोघं ज्या घरासाठी भांडताय त्या घरातली मुलं केव्हाच बाहेर पडली आहेत.

माझी दोन्ही मुलं इंग्रजी शाळेत. रविवारी इंग्रजी मिस्साला जातात, कारण मराठी मिस्सा त्यांना जड जाते. माझा मोठा 'प्रायश्चित्त' हा शब्द वाचताना तीनदा अडखळला. त्याला ओव्या द्या किंवा लॅटिन द्या, दोन्ही सारख्याच परक्या. माझी सासू वसईच्या सामवेदी बोलीत प्रार्थना म्हणते ती तर त्याला गाण्यासारखी ऐकू येते, शब्द एकही नाही. हे मीच केलंय. फी मीच भरली.

तरी आगाशीकडच्या भावांना एक सांगते. मागच्या पवित्र गुरुवारी आमच्या फादरांनी घंटेऐवजी लाकडी ठोका वाजवला. माझा धाकटा सात वर्षांचा. घरी येताना त्याने विचारलं, "घंटा कुठे गेली?" मी सांगितलं. मग तो ईस्टरपर्यंत शनिवारभर विचारत राहिला, "आली का?" रात्री जागरणात घंटा वाजली तेव्हा त्याने माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. त्याला भाषा लागली नाही. म्हणून माझं मत तुमच्या बाजूने, पण लॅटिनसाठी नाही. ठोक्यासाठी, झाकलेल्या मूर्तींसाठी, गप्प बसण्यासाठी.

रेवदंडा खाडी

आमच्या पलीकडे कोर्लई. तिथे घराघरात पोर्तुगीजातून आलेली बोली अजून बोलतात. तिला शाळा नाही, छापील पुस्तकं जवळपास नाहीत, पिढ्यान् पिढ्या फक्त आईच्या तोंडून मुलाच्या कानात गेली. चौलहून पोर्तुगीज गेले १७४० मध्ये. त्यांच्यामागे ही बोली पावणेतीनशे वर्षं टिकली, कारण ती रोज चुलीपाशी वापरात होती.

म्हणून 'दहा मुलं द्या, शिकवतो' याने काम होईल असं मला वाटत नाही. वर्गात शिकवलेलं वर्गातच राहतं. चंची खुंटीला टांगणारा माणूस घरात पाहिजे.

विरार फास्ट

शुक्रवारची क्रुसाची वाट सात वाजता. मी चर्चगेटहून सुटतो साडेसहाला. बावीस मिनिटांचीही मला मिळत नाही. माझ्यासारखे शेकडो आहेत.  जुनी उपासना गावातच राबणाऱ्या माणसाच्या वेळेची होती. ती लांबवली तर निवृत्त माणसं तेवढी उरतील. आधी रात्री साडेनऊची ठेवा, मग गुडघ्यांचं बोला.

आगाशीकडचा

रेवदंडा खाडी, तुमचं वाक्य लागलं. माझ्या घरात कुठे आहे चंची? यंदा मी गोड सोडलंय, पण कुणाला दिसत नाही. माझ्या मुलीलाही माहीत नाही. येशूने उपवास गुपचूप करा, तोंड धुऊन राहा असं सांगितलंय, म्हणून मी लपवत आलो. पण घरातल्या लेकरापासून लपवायचं का, याचा विचार मी केला नव्हता.

विरार फास्ट, साडेनऊची ठेवायला मी तयार आहे. फादरांना रविवारी विचारतो. चर्च नाही मिळालं तर आमच्या वाडीतल्या क्रुसापाशी करू, चालत, गाडी चुकली त्यांची वाट बघून.

बावखळ

साडेनऊला मी येईन. लॅटिन म्हणणार नाही. माझ्या ओव्या मी घेऊन येतो, सहाव्या स्थानानंतर त्या होऊ द्या. मूर्ती झाकायच्या मी अजून विरोधातच आहे आणि पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत तसं बोलणार आहे.

सावंतवाडी

उशिरा वाचलं. आमच्याकडे गोव्याच्या वळणाची मोतेतं (प्रायश्चित्तकाळातली गीतं) म्हणतात, कोंकणी नि लॅटिन दोन्ही. तुमचा तो लाकडी ठोका तोच आमचा मात्राक. आगाशीकडचे, वहीचे फोटो टाकाल का? रेघा नि टिंबं दिसतील असे, जवळून. 'स्ताबात मातेर' आमच्याकडे दुसऱ्या कडव्याला वर चढतं. तुमच्या आजोबांचं कुठे चढतं ते बघायचंय.

आगाशीकडचा

टाकतो. दुसऱ्या कडव्याचं पान पावसात भिजलंय, निम्मी शाई पसरलीय. वहीतल्या चाली येणाऱ्या त्या दोघांपैकी एका बाबांना उद्या सकाळी घरी जाऊन म्हणायला लावतो आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. मुलीला सोबत नेतो.