मदत हवी: ५० सीसी वांकेल इंजिन, कॉम्प्रेशन २ किलोच्या वर जात नाही

प्रश्न:
एका रोटरचं, हवेनं थंड होणारं वांकेल (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो ते इंजिन). उत्केंद्रता (शाफ्टच्या केंद्रापासून रोटरच्या केंद्राचं अंतर) ६.५ मि.मी., त्रिज्या (रोटरच्या केंद्रापासून टोकापर्यंत) ४५.५, रुंदी ३३, म्हणजे ५०.७ सीसी. हाउसिंग ६०६१ ॲल्युमिनियमचं, व्हीएमसी (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीन) वर कापलेलं, आत कोटिंग नाही. एपेक्स सील (रोटरच्या तिन्ही टोकांवरची) बिडाची, एकसंध, २ मि.मी. जाड, टोकाला १ मि.मी. त्रिज्येची गोलाई. साइड सील (रोटरच्या सपाट बाजूंवरची) आहेत, कॉर्नर सील (ती एपेक्स सीलला मिळतात त्या कोपऱ्यांवरची) नाहीत. शाफ्ट मिनिटाला २५० फेऱ्यांनी फिरवला तर गेजवर २ किलो (दर चौ. सें.मी.ला). हाउसिंगच्या कंबरेच्या (मधल्या अरुंद भागाच्या) दोन्ही बाजूंना, मिळून चार जागी, घासल्याच्या पट्ट्या उमटल्यात. सीलखालची स्प्रिंग जाड घालू का?

उत्तर १:
नको. चालू इंजिनात सीलला भिंतीवर दाबतो तो खाचेत शिरलेला वायू. स्प्रिंग फक्त सुरुवातीपुरती. जाड स्प्रिंगने त्याच पट्ट्या खोल होतील.

चार पट्ट्या म्हणजे हाउसिंगचा वक्र चुकलाय. तुम्ही बहुतेक ४५.५ त्रिज्येचा शुद्ध एपिट्रोकॉइड (रोटरचं टोक फिरताना आखतं तो वक्र) कापलात. सीलचं टोक गोल असल्यामुळे आधी त्या गोलाईच्या केंद्राचा, म्हणजे ४४.५ त्रिज्येचा वक्र काढायचा आणि मग तो लंबदिशेने सगळीकडे १ मि.मी. बाहेर सरकवायचा. दोन्ही वक्र दिसायला सारखेच, पण सील भिंतीला जास्तीत जास्त २५ अंश कलते (साइन = ३ × उत्केंद्रता ÷ त्रिज्या) आणि तिथे फरक पडतो ०.१ मि.मी. रोटरच्या एका फेरीत असं चारदा होतं. सीलखाली तेवढी मोकळीक नसेल तर ती तळाला टेकून भिंत खरवडते. असेल, तर खाचेत वरखाली होत राहते आणि वेग वाढला की थरथरते.

खात्रीसाठी आत ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून रोटर हाताने सावकाश फिरवा.

उत्तर २:
वक्राचं बरोबर आहे, पण २ किलोचं मुख्य कारण मला कोपरे वाटतात. एकसंध सील आणि कॉर्नर सील नाही, म्हणजे रोटरच्या सहाही कोपऱ्यांवर भोक उघडंच. माझदाच्या १३बी या वांकेल इंजिनमध्ये सीलच्या टोकाला तिरका कापलेला वेगळा तुकडा असतो, स्प्रिंग त्याला साइड प्लेटकडे ढकलते. खाली कॉर्नर सील, आणि साइड सीलशी तिची फट ०.०५ ते ०.१५ मि.मी. तेही ६५४ सीसीच्या चेंबरला. ५० सीसीत तेवढीच फट आकारमानाच्या मानाने कितीतरी जास्त गळते, म्हणून ०.०५च्या जवळ राहा.

गेजमधला व्हॉल्व्ह काढूनच मोजा. तो असला की तीन चेंबरपैकी सर्वांत चांगल्याचाच आकडा अडकून बसतो. काढल्यावर सुईच्या तीन उड्या वेगवेगळ्या दिसतील. माझदाच्या आरएक्स-८ गाडीच्या वांकेलला २५० फेऱ्यांवर किमान ६.९ किलो लागतात. तुमच्या आकाराला ५ मिळाले तरी पेट घ्यायला हरकत नसावी.

प्रश्नकर्ता:
वक्र शुद्धच कापला होता. हे सगळं टाळून सील हाउसिंगमध्ये बसवण्याची उलटी रचना, लिक्विडपिस्टन कंपनीच्या इंजिनासारखी, केली तर?

उत्तर १:
स्थिर सीलला तेल थेट देता येतं, हा तिचा मोठा फायदा. पण वायूची ये-जा रोटरमधून करावी लागते आणि गळतीची नवी जागा तयार होते. पहिल्या प्रयत्नाला वांकेलच बरं.

उघड्या ॲल्युमिनियमवर बिडाची सील मात्र चालवू नका, पहिल्याच गरम फेरीत चिकटेल. नवं हाउसिंग कापताना वक्र निकेल-सिलिकॉन कार्बाइडच्या (कठीण लेपाच्या) थराच्या जाडीइतका आणखी बाहेर सरकवा, थर चढल्यावर होनिंग करा (बारीक घासून मापाला आणा), आणि पेट्रोलमध्ये लिटरला २० मि.ली. टू-स्ट्रोक तेल घाला.